कापूस, आग आणि अणू : भौतिकशास्त्र व इस्लामी धर्मविचार



"सर, हे विज्ञान आमच्या धर्मग्रंथात आधीच आहे ना?" हा प्रश्न कुठल्याही धर्माचं मूल विचारू शकतं. त्याची खिल्ली उडवायची नाही आणि खोटंही सांगायचं नाही. मग काय सांगाल? इस्लामी परंपरेतलं एक उदाहरण पाहू.

कापूस आगीला लागला की जळतो. इमाम गझाली (मृत्यू ११११) म्हणाले, आपल्याला दिसतं ते एवढंच : आधी आग लागली, मग कापूस जळला. आगीनेच जाळलं, हे दिसत नाही. जाळणारा ईश्वर, निसर्गाची नियमितता ही त्याची रीत. कॉर्डोबाचे इब्न रुश्द (मृत्यू ११९८) यांनी उलट उत्तर दिलं : कारणं नाकारलीत तर ज्ञानच नाकारल्यासारखं होईल. दोघेही मुस्लिम, दोघेही विद्वान!

आता आधुनिक भौतिकशास्त्राकडे येऊ. आयोडीन-१३१ चे निम्मे अणू सुमारे ८ दिवसांत विघटित होतात. पण अमुक एक अणू नेमका कधी फुटेल? क्वांटम सिद्धांत फक्त शक्यता सांगतो. "बघा, गझाली खरे ठरले!" असं काहीजण म्हणतात. इथे घाई नको. गझालींचा दावा तर हमखास घडणाऱ्या घटनांनाही लागू आहे, त्याला क्वांटमची गरजच नाही. आणि घटनेमागे ईश्वर आहे की नाही, हे मोजणारं उपकरण प्रयोगशाळेत नसतं.

अब्दुस सलाम यांना १९७९ चं नोबेल ग्लॅशो व वाइनबर्ग यांच्यासोबत मिळालं. सलाम श्रद्धाळू, समारंभातल्या भाषणात त्यांनी कुराणाचा आधार घेतला. वाइनबर्ग नास्तिक. तरी दोघे स्वतंत्रपणे एकाच सिद्धांतापर्यंत पोहोचले. त्या सिद्धांताने सांगितलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये सर्न प्रयोगशाळेत सापडले. निकाल पुराव्याने लागला, श्रद्धेने नाही.

याच सलाम यांच्या अहमदिया पंथाला पाकिस्तानने १९७४ मध्ये गैरमुस्लिम ठरवलं. पुढे त्यांच्या कबरीवरचा 'मुस्लिम' हा शब्दही खोडला गेला. समीकरण मात्र कुणी खोडू शकलं नाही.

म्हणून मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगा : 'हे मोजून तपासता येईल' आणि 'हा श्रद्धेचा किंवा अर्थाचा प्रश्न आहे'. प्रत्येक विधान कुठे बसतं, ते त्यांनाच ठरवू द्या. आपल्या घरातली विधानंही त्यात घ्या बरं का, फक्त शेजाऱ्यांची नकोत.