अमानित्व, शौच, स्थैर्य : सुरगावच्या वाटेवरचा एक पाठ

श्रीगीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. या महिन्याच्या पाठासाठी आपण त्यांतील तीनच घेऊ. आरंभी येते ते अमानित्व, पुढे शौच, आणि शौचाला अगदी लागून स्थैर्य. हा क्रम लक्षात ठेवावा, आजचा सगळा पाठ त्यातच आहे.

शौच म्हटले की आपल्याला पहाटेचे स्नान, धूतवस्त्र आणि गोपीचंदन आठवते. ते खोटे नव्हे. पण माउलींनी शुचित्वाला कापराचा दृष्टांत दिला आहे; अंग आणि मन दोन्ही कापरासारखे. कापूर बाहेरून एक आणि आतून एक असे कधी असते का? मग आमचे अंगण सारवलेले, तुळशीपुढे रांगोळी, आणि गावाबाहेरची वाट मात्र नाक धरून चालावी अशी, हे कोणते शौच म्हणायचे?

दुसऱ्याला कशाला बोलावे, आमचेच सांगतो. एका वारीत आमच्या दिंडीचा मुक्काम एका शेतकऱ्याच्या वावरात पडला. रात्री कीर्तन रंगले, पंगत उठली, आणि पहाटे आम्ही नामघोष करीत पुढे निघालो. मागे वळून पाहिले तो उष्ट्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि बांधाच्या कडेला घाण. तो शेतकरी हात जोडून उभा होता. आम्हाला निरोप देत होता, पण त्याच्या पाठीमागे ते वावर होते. ते दृश्य आमच्या मनातून अजून जात नाही.

आता वर्धा जिल्ह्यातली गोष्ट पाहू. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी १९३८ साली विनोबा राहायला आले. तेथून सुरगाव सुमारे तीन मैल. १९४६ पासून विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडे घेऊन पायी सुरगावला जात. लोक वाटेवर घाण करीत, विनोबा ती उचलीत, मातीने झाकीत आणि परत येत. ज्याने गीतेचे मराठी केले, ज्याच्या प्रवचनांना लोक लांबून येत, तो माणूस हे काम करीत होता. भाषण नाही, पावतीपुस्तक नाही. हे अमानित्व झाले.

एके दिवशी पाऊस फार झाला आणि वाटेतल्या पाण्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. विनोबांनी पैलतीरावरच्या माणसाला ओरडून सांगितले, की देवळात जाऊन देवाला निरोप दे, गावचा सफाईवाला आला होता, पुरामुळे परत गेला. ही आठवण त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. भाविकहो, निरोप कोणाला धाडला ते पाहा. सरपंचाला नव्हे, पाटलाला नव्हे. हजेरी देवाकडे होती! आपण एकादशीची हजेरी देतो, तशीच त्यांनी ही दिली.

आणि स्थैर्य? हे काम वीस वर्षांचे आहे असे विनोबा धरून चालले होते. १९४८ च्या जानेवारीत गांधीजी गेले, त्यांच्यावर दुसरी जबाबदारी आली आणि सुरगावचे जाणे थांबले. पण संकल्प वीस वर्षांचा होता. एका दिवसाची सफाई आणि फोटो, असा तो प्रकार नव्हता.

येथे कोणी विचारील, की घाण झाकली ती झाकली, त्यात एवढे काय? तर त्यात शेताचा जीव आहे. उघडी घाण माशांच्या पायांनी ताटात येते आणि पावसाच्या पाण्याने विहिरीत जाते. तीच मातीआड व्यवस्थित कुजली की खत होते. त्याला आपल्याकडे सोनखत म्हणतात, हे नाव उगीच पडले नाही. शेतातून जे धान्यरूपाने घरी आले ते शेताला परत गेले पाहिजे, नाहीतर जमीन वर्षानुवर्षे देतच राहते आणि थकते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे कुमारप्पा हाच हिशोब मांडीत. निसर्गाकडून घ्यावे आणि त्याला परतही द्यावे, म्हणजे व्यवहार टिकतो.

मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ताजा मैला हाताळणे रोगाला आमंत्रण आहे, आणि तो दुसऱ्या माणसाकडून हाताने उचलून घेणे हे पाप तर आहेच, २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे काम एका जातीच्या माथी मारले आणि वर त्यांनाच विटाळ मानले. विनोबांनी फावडे स्वतःच्या खांद्यावर घेतले त्याचा अर्थ हा आहे. आज उत्तम सोय दोन खड्ड्यांच्या संडासाची. एक खड्डा भरला की बंद करावा, दुसरा सुरू करावा. पहिला निदान दीड-दोन वर्षे तसाच राहू द्यावा, म्हणजे कोरडे, वास नसलेले खत तयार होते. खड्डे विहिरीपासून दूर असावेत. आपल्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून भोवती रेतीचा थर लागतो. जाणत्या गवंड्याला विचारूनच करावे.

आता अभ्यास. चारच गोष्टी सांगतो, जमेल ती धरा, पण धरली की सोडू नका.

पहिली : पऱ्हाटी आणि तुराट्या वावरात पेटवू नका. चुलीला लागेल तेवढी ठेवा; उरलेली बारीक करून कोठ्यातल्या शेणाबरोबर खड्ड्यात थरावर थर द्या आणि ओल राखा.

दुसरी : उकिरड्यात प्लास्टिक जाऊ देऊ नका. पान कुजते, प्लास्टिक कुजत नाही. ते गाईच्या पोटात जाते.

तिसरी : सप्ताह आणि भंडारा पळसाच्या पत्रावळीवर होऊ द्या. पळस आपल्याकडे काही कमी नाही. थर्माकोलच्या ताटांना तर राज्यात २०१८ सालीच बंदी झाली आहे.

चौथी : वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला जाते. त्या पालखीबरोबर जा की दुसऱ्या दिंडीत जा, विणेकरी आणि टाळकरी जसे ठरलेले, तसे मुक्कामाची जागा साफ करून मगच निघणारे चार गडी ठरवा. पाळीपाळीने सर्वांचा नंबर लागू द्या, महाराजांचाही.

गेल्या वर्षापासून आम्ही दिंडीच्या मागे राहू लागलो आहोत. पहिल्या दिवशी लाज वाटली, हे कबूल करतो. झाडू हातात घेताच कोण पाहते आहे इकडेच डोळे जात. अमानित्व आधी का सांगितले ते त्या दिवशी कळले. मान सोडल्यावाचून झाडू हातात राहतच नाही. शौच तासाभरात होते. स्थैर्याचा अभ्यास मात्र अजून चालू आहे. आपणही या अभ्यासाला बसावे, एवढीच विनंती.

रामकृष्णहरि!