कुत्रा आवारात राहावा म्हणून

कुत्रा आवाराबाहेर पळू लागला की बहुतेक घरांत आधी साखळीची आठवण होते, मग कुंपण उंच करण्याची. आमच्या बंड्याच्या अपघातानंतर माझं मत पक्कं झालं आहे. ज्या कुत्र्याला रोज नेमाने बाहेर फिरवून आणलं जातं, तोच आवारात सुखाने राहतो. बाकीचे सगळे उपाय, अगदी मी पुढे सांगणार आहे तेसुद्धा, त्याच्यानंतर येतात.

आम्ही लखनौला आलो ते नवऱ्याच्या बदलीमुळे. आलमबागच्या बाजूचं रेल्वेचं जुनं क्वार्टर मिळालं. पुढे अंगण, मागे परसू, एक आंबा, दोन पेरू आणि चारी बाजूंनी मेंदीचं कुंपण. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून इकडे येणाऱ्या मराठी माणसाला एवढी मोकळी जागा म्हणजे चैन वाटते. कुत्र्याला याहून जास्त काय हवं, असंही वाटतं. पण कुत्र्याला जागेपेक्षा वास लागतात, नव्या खुणा लागतात, आपल्या माणसाबरोबर केलेली भटकंती लागते. रोजचं तेच आवार त्याच्या दृष्टीने सकाळीच वाचून झालेलं वर्तमानपत्र असतं.

त्यातून बंड्या गावठी, आणि वसाहतीमागच्या गल्लीतच जन्मलेला. दूध तुटलेलं पिल्लू आम्ही उचलून घरात आणलं. गल्लीतून घेतलेल्या कुत्र्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मेंदीचं कुंपण ही आपली हद्द असते, त्याची नव्हे. त्याची आई पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी झोपते, भावंडं कोपऱ्यावर भुंकतात. तो बाहेर जातो तेव्हा आपल्या समजुतीने तो घरातच फिरत असतो.

अपघात झाला तो बड्या मंगलला. ज्येष्ठातल्या प्रत्येक मंगळवारी लखनौत हनुमानाच्या नावाने रस्तोरस्ती भंडारे लागतात. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराशी जोडलेली ही प्रथा आता सगळ्या शहराची झाली आहे. (उत्तरेतला ज्येष्ठ पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, म्हणजे आपल्या पंचांगाच्या पंधरा दिवस आधी. कुत्रा पाळणाऱ्या मराठी घरांनी इथलंच कॅलेंडर बघावं.) कोपऱ्यावर कढईत पुऱ्या तळल्या जात होत्या, लाउडस्पीकर चालू होता, सरबतासाठी रांग लागली होती. कोणीतरी प्रेमाने आमच्याकडे प्रसादाचा द्रोण घेऊन आलं आणि जाताना फाटकाची कडी लागली नाही. बंड्या तीरासारखा सुटला. सायकलवरच्या एका शाळकरी मुलाच्या पुढून गेला, मूल पडलं आणि त्याचं मनगट मोडलं. मागून येणाऱ्या ई-रिक्षाचा धक्का बसून बंड्याचा मागचा पाय मोडला. त्याने कोणाला चावा घेतला नव्हता, कोणाच्या अंगावरही गेला नव्हता. पण प्लॅस्टरमध्ये हात घालून बसलेल्या मुलाच्या आईसमोर हे सांगायला तोंड उघडत नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, तेही माहीत असावं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लखनौ नगर निगमचा परवानाही लागतो, आणि तो रेबीजच्या लसीचा दाखला दाखवल्याशिवाय मिळत नाही. जुलै २०२२मध्ये कैसरबागेत एका पिटबुलच्या हल्ल्यात त्याच्याच घरातल्या वृद्ध मालकिणीचा जीव गेला. तेव्हापासून या शहरात पाळलेल्या कुत्र्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. मोकळा सुटलेला कुत्रा कितीही मायाळू असला तरी समोरच्याला ते कसं कळणार? त्याची भीती खरी असते, आणि ती त्याला वाटू न देणं ही आपली जबाबदारी असते.

बंड्याचा पाय जुळत होता तोवर सल्ले येत राहिले. सर्वांत जास्त मिळालेला सल्ला बांधून ठेवण्याचा. शेजारच्या आंटीजींनी कळवळून सांगितलं, ‘बेटा, बाँध के रखो, उसी में भलाई है।’ मात्र दिवसभर बांधलेला कुत्रा साखळीच्या टोकाशी येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकून भुंकून चिडका होतो, आणि ज्या दिवशी सुटतो त्या दिवशी दुप्पट वेगाने पळतो. शिवाय प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की फार आखूड किंवा फार जड साखळीने बराच वेळ बांधणं ही क्रूरता आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून आणायची हयगय करणं, हीसुद्धा क्रूरताच. फिरवणं आपल्या सवडीवर नाही, हे साठ वर्षांहून जुन्या कायद्याने सांगून ठेवलेलं आहे.

मग एक ट्रेनर आला. फाटकाच्या रेषेपाशी बंड्या आला की पट्ट्याला जोरात हिसका आणि जमिनीवर काठीचा फटका, ही त्याची पद्धत. थोड्याच दिवसांत बंड्या फाटकाला घाबरू लागला, हे खरं. पण त्याबरोबर फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकालाही घाबरू लागला, आणि दूधवाल्यावर दात काढू लागला. पूर्वी त्याने असं कधी केलं नव्हतं. कुत्रा दुखण्याची सांगड आपल्याला हवी त्याच गोष्टीशी घालेल, याची खात्री नसते. त्या क्षणी समोर जे दिसतं, त्याच्याशी तो ती घालतो. समोर मूल असेल तर मुलाशी. विजेचा झटका देणारे पट्टे आणि जमिनीखालच्या तारा यांचंही तेच. मांजरामागे वेगात निघालेला कुत्रा झटका सोसून पार होतो आणि परत येताना झटक्याच्या भीतीने बाहेरच अडकतो. बाहेरच्या कुत्र्यांना आणि माकडांना ती तार थोपवत नाही, हे आणखी वेगळं. वेल्सने २०१० साली अशा पट्ट्यांवर बंदी घातली. आपण त्या वाटेला जाऊ नये, असं मी कळकळीने सांगते.

शेवटी आम्ही जे केलं त्याला काठी लागली नाही, चिकाटी लागली. आधी फाटक. बिजागऱ्या स्प्रिंगच्या बसवल्या, म्हणजे पल्ला आपोआप मिटतो. कडीला आतून खिटी लावली. फाटकाच्या आत चार हातांवर बांबूचं दुसरं बुटकं फाटक केलं. एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद असतं. घंटा बाहेर लावली आणि कुरिअरसाठी फाटकावर पिशवी टांगली. मेंदीच्या बुंध्यापाशी जिथे जिथे पोकळी होती तिथे जाळी ठोकली, आणि जाळीचा खालचा वीतभर भाग जमिनीत गाडला, कारण कुत्रं आधी खाली उकरतं. शिकवणी कितीही चांगली झाली तरी ती कुंपणाची जागा घेत नाही. हे आधी करा.

मग शिकवणी. कुंपणापासून दोन पावलं आत बांबूच्या काड्यांना रंगीत चिंध्या बांधून झेंड्या रोवल्या. कुत्र्याला लांब दोरीवर घ्यायचं आणि कडेकडेने आवाराला फेरी मारायची. तो झेंडीच्या जवळ गेला की आनंदाच्या आवाजात हाक मारून आपण आत वळायचं. तो वळला, की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यायचा. दोरी ओढायची नाही. ती फक्त तो पार जाऊ नये म्हणून. एका वेळी दहा मिनिटं पुरे, सकाळी आणि संध्याकाळी. काही दिवसांनी एक गंमत दिसते. झेंडी दिसली की कुत्रा स्वतःच वळून आपल्या तोंडाकडे बघतो. इथेच बरेच जण दोरी सोडतात, आणि सगळं वाया जातं. अजून त्याला मोह दाखवायचा आहे. घरातल्या कोणी कुंपणाबाहेर चेंडू घेऊन उभं राहायचं, मग शेजारच्यांनी, मग भाजीचा ठेला जाताना, मग गल्लीतली कुत्री समोर असताना. प्रत्येक मोहाला तो वळला तर तुकडा मोठा आणि शाबासकी जोरात. त्यानंतर दोरी जमिनीवर घसटती ठेवायची, मग काढायची, आणि झेंड्या एकाआड एक कमी करायच्या. आम्हाला यात अख्खा पावसाळा गेला. घाई करून काही मिळत नाही.

फाटकाचा नियम वेगळा शिकवावा लागतो. फाटक उघडं दिसलं म्हणजे बसायचं, आणि ‘चल’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. बाहेर जाणं नेहमी पट्ट्याने, नेहमी आपल्याबरोबर. यात घरातल्यांचीच जास्त तालीम होते. एकाने जरी ‘आज जाऊ दे’ म्हणून मोकळं सोडलं, तर कुत्रं तो दिवस विसरत नाही. आणि कधी सुटलाच, तर परत आल्यावर रागावू नये. मार मिळतो तो परत येण्याबद्दल, असंच तो समजतो.

फिरवण्याची वेळ लखनौत ऋतूने ठरते. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी लू वाहते. तेव्हा पहाटेच निघायचं. पालथा हात डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघावा; आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गळ्यात चमकणारा पट्टा हवा. फिरताना त्याला हुंगू द्यावं. तीस पावलं चालून दोन मिनिटं एका खांबाशी थांबणं, यातच त्याचं मन भरतं. घाईघाईने ओढत नेलेला कुत्रा घरी येऊन पुन्हा फाटकाकडेच बघत बसतो.

काही दिवस असे असतात की शिकवणीवर विसंबू नये. दिवाळी आणि शब-ए-बारातचे फटाके, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचा जमघट, जेव्हा अख्खं लखनौ पतंग घेऊन गच्चीवर असतं. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात. घाबरलेलं कुत्रं उडी मारताना उंची बघत नाही. त्या दिवसांत अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणून घरातल्या आतल्या खोलीत, पंखा किंवा रेडिओ लावून ठेवावं. तुटलेला मांजा मेंदीत अडकून राहतो, म्हणून जमघटनंतर सकाळी कुत्र्याला सोडण्याआधी कुंपणाची कडा आपण फिरून बघावी. माकडं आंब्यावर आली की कुत्र्याला आत घ्यावं. टोळीसमोर एकटा कुत्रा हमखास जखमी होतो.

भाद्रपदापासून पुढे गल्लीतल्या कुत्र्यांचा माजाचा काळ. नर तेव्हा उपाशी राहून फाटकाशी बसतो आणि संधी मिळताच जातो. पशुवैद्याच्या सल्ल्याने नसबंदी केली तर भटकण्याची ओढ बरीच कमी होते. बंड्याची आम्ही केली, आणि फरक दिसला. याबद्दल घरातली मोठी माणसं कुरकुरतात, पण रस्त्यावर वाढणाऱ्या पिल्लांचे हाल बघितलेल्या कोणाला तरी सोबत घेऊन त्यांच्याशी बोलावं.

एवढं करूनही कुत्रं हरवू शकतं. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पत्री कायम असावी. कुत्रं हरवलं की आधी जवळच्या खाण्याच्या ठिकाणी बघावं, मग त्याच्या जन्माच्या गल्लीत, मग नगर निगमच्या श्वान केंद्रात. कोणाला ओरखडा जरी उठला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायला आपण स्वतः घेऊन जावं. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही.

आता पुन्हा बदलीची चर्चा सुरू आहे. एका आवारात शिकलेली हद्द कुत्रा दुसऱ्या आवारात घेऊन जात नाही. त्यामुळे नव्या क्वार्टरमध्ये सामान उतरण्याआधी फाटक आणि कुंपण तपासायचं, आणि पहिल्या दिवसापासून लांब दोरी आणि झेंड्या. चिंध्या आणि बांबूच्या काड्या मी वेगळ्या पेटीत भरून ठेवल्या आहेत, ट्रकमधून सगळ्यात आधी ती पेटी निघेल अशा बेताने.