घराचे मूल्यांकन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

घरबांधणी व घरखरेदीच्या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव झाला आहे. बांधकामावर हेल्मेटला कॅमेरा लावून फेरी मारली की संगणक त्या छायाचित्रांची नकाशाशी तुलना करून कोणते काम राहिले ते सांगतो. हा उपयोग चांगलाच आहे. चुकलाच तर मिस्त्री जागेवर असतोच. किमतीचे मात्र तसे नाही.

गृहकर्जाच्या टेबलावर मूल्यांकन अहवाल रोज माझ्या हाताखालून जातो. मूल्यांकक जागेवर जातो, मोजमाप घेतो, ओल व भेगा पाहतो आणि आकडा लिहितो. कर्जाची रक्कम त्या आकड्याशी बांधलेली असते. संगणक हेच काम घर न पाहता करतो. जुन्या हजारो व्यवहारांतील क्षेत्रफळ, इमारतीचे वय, पत्ता व विक्रीची किंमत यांचा संबंध शोधून तो नव्या घराची किंमत सांगतो.

अमेरिकेतील झिलो कंपनी २००६ पासून असे अंदाज देत आहे. २०१८ साली ती स्वतःच घरे विकत घेऊन विकू लागली. पुढे बाजार झपाट्याने बदलला, अंदाज फसले आणि अनेक घरे चढ्या भावाने पदरात पडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे कंपनीने जाहीर केले. सुमारे २५ टक्के नोकरवर्ग कमी होणार होता.

तो पैशाचा तोटा होता. मला त्याच देशातील एक जुनी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९३३ साली तेथील सरकारने अडचणीतील कर्जदारांसाठी गृहकर्ज महामंडळ काढले. या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे हिरव्या, निळ्या, पिवळ्या व लाल रंगांत रंगवले. लाल म्हणजे कर्जास धोक्याची वस्ती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. अशा वस्त्यांना कर्ज नाकारण्याची रीत रूढ होती. कर्जाविना डागडुजी राहिली, भाव पडले. १९६८ च्या कायद्याने घराच्या व्यवहारातील वंशभेद बेकायदा ठरवला, पण पडलेले भाव नोंदींत राहिलेच. अशा नोंदींवर शिकलेल्या यंत्राला कोणाचा वंश सांगावा लागत नाही. पत्ता पुरतो.

आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारल्याचा अनुभव असलेल्या आपल्या सभासदांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आमच्या अहवालातही 'वस्तीचा दर्जा : उच्च, मध्यम, गरीब' असा रकाना असतो. एकदा गावकुसाबाहेरच्या वस्तीतील एका पक्क्या दुमजली घराला 'गरीब' अशी खूण होती व किंमत फारच कमी धरली होती. फोटोत स्लॅब स्वच्छ दिसत होता. मी मूल्यांककांना फोन केला. ते थोडे रागावले, पण पुन्हा जाऊन आले. आकडा वाढला, कर्जही मंजूर झाले.

स्थापत्य किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी असे यंत्र समोर आल्यास विचारावे : नोंदी कोणत्या वर्षांच्या, त्यांत कोणत्या वस्त्या आल्याच नाहीत आणि आकडा चुकला तर तक्रार कोणाकडे करायची? घरासाठी कर्ज घेणाऱ्या सभासदांनी अहवालाची प्रत मागावी व वस्तीचा रकाना आधी वाचावा.