कोंकणकडा व रोमचें प्रेक्षागृह

रोम शहरांतील 'कलोसियम' या प्राचीन प्रेक्षागृहाचें चित्र आपण पाहिलेंच असेल. अशा इमारतीस 'अँफिथिएटर' म्हणतात. ग्रीक भाषेंत 'अँफी' म्हणजे दोहों बाजूंस. रोम आपणांस दूर. परंतु त्या आकाराची कल्पना देणारें एक स्थळ राजूरच्या बाजूसच हरिश्चंद्रगडावर आहे. तें म्हणजे कोंकणकडा.

पाचनईहून वाटाड्या घेऊन आम्ही गड चढलों. हरिश्चंद्रेश्वराचें देऊळ, पुष्करणी व पाण्यानें वेढलेलें केदारेश्वराचें लिंग दाखवून त्यानें आम्हांस पश्चिमेकडे नेलें. कड्यापाशीं येतांच तो म्हणाला, "उभ्यानं वाकू नका, पालथं पडून बघा." तसें पाहतां अर्धवर्तुळाकार, आंत वळलेली काळी भिंत थेट कोंकणांत उतरलेली दिसली.

सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक थिजले. ते झिजून हा कडा झाला. थरांच्या आडव्या रेषा आसनांच्या रांगांसारख्या दिसतात. मात्र ही अर्धी वाटी. कलोसियम पूर्ण लंबवर्तुळाकार, सुमारें ६२० फूट लांब व ५१० फूट रुंद. बादशहा व्हेस्पेशियन यानें आरंभिलेली ती इमारत त्याचा पुत्र टायटस यानें इ. स. ८० मध्यें खुली केली. तिच्या ८० कमानींतून सुमारें ५०,००० लोक आंत जात. कमानींवर आंकडे कोरलेले असल्यानें गर्दी शिस्तीनें बसे. आणि बसून पाही काय? माणसांच्या माणसांशीं व श्वापदांशीं झुंजी! रक्त शोषलें जावें म्हणून मधल्या जागेंत वाळू पसरीत. 'अरीना' हा शब्द वाळूवाचक लॅटिन शब्दापासूनच आला.

कोंकणकड्यावरील देखावा निराळा. पाठीशीं सूर्य व समोर खालीं धुकें असतां येथें कधीं कधीं पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसतें. त्यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यानें त्याचें वर्णन १८३५ मध्यें प्रसिद्ध केलें. सपाटीवर जमीन खालचें अर्धें वर्तुळ झांकते. कड्यावर तें मोकळें राहतें. त्याच्या मध्यभागीं पाहणारास स्वतःचीच सावली दिसते.

रोमन कारागिरांचें कौशल्य निःसंशय थोर होतें. पण उत्तम बांधणीनें वाईट हेतु चांगला होत नाहीं. झुंज लावणारा एक असतो, पण ती चालते भोंवतालच्या प्रेक्षकांमुळें. कोंबड्यांच्या झुंजीभोंवतीं कोंडाळें जमलें असतां त्यांत उभें राहावें कीं पुढें चालूं लागावें, हें ठरवितांना आपण ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.