पेढीवरील संगणकाचा प्रोसेसर बदलताना



आज बहुतेक पेढ्यांवर लाल वहीचे काम संगणकाने स्वीकारले आहे. तो मंदावला की सारा व्यवहार मंदावतो आणि 'प्रोसेसर बदला, यंत्र नव्यासारखे होईल' असा सल्ला चोहोंकडून मिळू लागतो. हा सल्ला कधी खरा ठरतो, कधी अंगाशी येतो. त्यातील विवेक कसा करावा, ह्याचा थोडा विचार येथे करू.

प्रथम आमचाच अनुभव निवेदन करतो. आमच्या पेढीवर कंपनीने तयार जोडून विकलेला संगणक होता. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-३ ६१०० हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर होता. मार्चअखेरीस तो फार रेंगाळू लागला. एका विक्रेत्याने आठव्या पिढीचा आय-५ सुचविला. 'सॉकेट तेच आहे, बसेल' असे आश्वासनही दिले. प्रोसेसर बसला खरा. परंतु संगणक सुरूच होईना. ऐन विवरणपत्राच्या दिवसांत दोन दिवस काम खोळंबले व गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. दोष विक्रेत्याचा असेल. पण न विचारता माल घेतला हा दोष आमचाही होता.

कारण पुढे कळले. २०१५ साली आलेली सहावी पिढी, तिच्यामागची सातवी आणि ऑक्टोबर २०१७ मधील आठवी, ह्या तिन्हींच्या सॉकेटमध्ये ११५१ टोकेच आहेत. मात्र आठव्या पिढीत वीजपुरवठ्याच्या टोकांची मांडणी बदलली व तिला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. आमच्या मदरबोर्डावर १०० मालिकेचा होता. मापाचे पादत्राण पायात गेले म्हणून ते चालण्याजोगे असतेच असे नाही! ए.एम.डी.च्या ए.एम.४ सॉकेटने अनेक पिढ्यांना आश्रय दिला. तरी तेथेही बायोस नव्या प्रोसेसरला ओळखणारा हवा. तयार संगणकात बायोस निर्माता देईल तोच, आणि त्याच्या यादीबाहेरचा प्रोसेसर बहुधा चालत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, रोगाचे निदान. संगणक रेंगाळत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या कळा एकदम दाबाव्यात. उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तरच दोष त्याचा. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर निवांत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसवावी. हिशेबाच्या कामात बहुधा हाच उपाय स्वस्त व गुणकारी ठरतो. मेमरी भरलेली दिसल्यास ती वाढवावी.

दुसरी गोष्ट, वीज आणि उष्णता. आय-३ ६१०० चे प्रमाण ५१ वॉट, त्याच पिढीच्या चार गाभ्यांच्या आय-५ ६५०० व आय-७ ६७०० चे ६५ वॉट, तर 'के' अक्षराच्या ६७००-के चे ९१ वॉट. तयार संगणकातील पंखा व पॉवर सप्लाय नेमक्या गरजेपुरते असतात; तेव्हा 'के' प्रकार टाळावा.

तिसरी गोष्ट, दप्तराची जपणूक. जी.एस.टी. कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जतन करावी लागतात. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी सर्व हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी आणि डिस्क अन्यत्र ठेवावी. बिटलॉकर सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. प्रोसेसर बदलल्यावर यंत्र ती मागू शकते, आणि ती नसेल तर स्वतःच्याच तिजोरीबाहेर उभे राहण्याची पाळी येते.

चौथी गोष्ट, हातची यतना. वीजजोड काढून, धातूच्या चौकटीस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. इंटेलच्या ह्या बोर्डांवर नाजूक टोके सॉकेटमध्ये असतात, त्यांना स्पर्श करू नये. त्रिकोणाची खूण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा. जोर लावू नये. जुनी थर्मल पेस्ट पुसून लहान वाटाण्याएवढी नवी लावावी. हे स्वतःस जमणार नसेल, तर जाणकाराकडून आपल्या देखत करून घ्यावे.

आता शेवटचा जमाखर्च. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची सहावी पिढी नाही. सातवीचेही मोजके अपवाद वगळता बाकीचे नाहीत. तेव्हा अशा यंत्रात मोठा प्रोसेसर घालून वेग वाढेल, पण सुरक्षेचा प्रश्न सुटणार नाही. ग्राहकांची खाती व बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर होतात, त्यात असा खर्च करणे आम्हांस हिताचे वाटत नाही. यंत्र आठव्या किंवा पुढील पिढीचे असेल, निर्मात्याच्या यादीत वरचा प्रोसेसर असेल आणि निदानही तेच सांगत असेल, तर मात्र अवश्य बदलावा. चालते यंत्र टाकून न देणे हेही परिग्रह-परिमाणाच्या व्रतास शोभणारेच आहे. जे खरोखर निकामी झाले, ते भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. कारण उघड्यावर जाळलेल्या तारा व पट्ट्यांतून होणारी हिंसा आपल्याही खाती जमा होते.

माल पारखल्यावाचून सौदा करू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी गादीवर बसून शिकविले. तोच नियम येथेही लागू आहे. आमच्या चुकीचा धडा एखाद्या बंधूचे दोन दिवस वाचवू शकला, तरी आमचे नुकसान भरून आले असे आम्ही समजू.

जय जिनेंद्र.