पाठ केलेले जाते कुठे?

जानेवारी उजाडला की सर्दी-खोकल्याच्या रुग्णांबरोबर दवाखान्यात आणखी एक 'रुग्ण' येऊ लागतो. त्याला ताप नसतो, खोकला नसतो. आई त्याला हाताला धरून आणते आणि बोलतेही बहुधा तीच. "डॉक्टर, रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचतो हो, पण सकाळी विचारलं तर शून्य! डोक्याचं एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या." मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. आपण 'ढ' आहोत हे त्याने मनाशी मान्य करून टाकलेले असते, आणि मला खरी काळजी वाटते ती याचीच.

टॉनिकाचा प्रश्न आधी निकालात काढू. निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवते असे ठामपणे सिद्ध झालेले एकही टॉनिक बाजारात नाही. बाटलीवरचे चित्र काहीही सांगो. बदाम जरूर खावेत, पौष्टिक असतात. पण बदाम खाल्ल्याने इतिहासाच्या सनावळ्या पाठ होत नाहीत.

मग वाचलेले जाते कुठे? या प्रश्नाच्या मागे हर्मान एबिंगहाउस नावाचा एक जर्मन संशोधक चिकाटीने लागला. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. ज्यांना काहीच अर्थ नाही अशी अक्षरे जुळवून त्याने याद्या केल्या, त्या तोंडपाठ केल्या आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. 1885 साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेलेले असत, दुसऱ्या दिवशी सुमारे दोन-तृतीयांश. मात्र पुढे हा वेग मंदावे. महिन्यानंतरही थोडासा भाग शिल्लक राहिलेला असे. म्हणजे विसरण्याची मोठी लाट येते ती पहिल्या दिवसातच. हे सर्वांच्याच बाबतीत घडते, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाच्याही. आणखी एक गोष्ट त्याला आढळली. अर्थपूर्ण कविता पाठ करायला निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे दशांशच श्रम पडत. न समजता केलेल्या घोकंपट्टीची किंमत किती, ते यावरून कळावे.

मेंदूची रचनाही थोडी समजून घेऊ. कानशिलाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम मुख्यतः याच्याकडे. अमेरिकेत 1953 साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर 2008 साली मृत्यू येईपर्यंत नवी माहिती त्याच्या लक्षात राहिली नाही. नुकताच भेटून गेलेला माणूस परत आला तरी अनोळखी! गंमत अशी की, आरशात बघून आकृती गिरवायला मात्र तो सरावाने शिकला, आणि तरीही दरवेळी हे काम आपण पहिल्यांदाच करतो आहोत असे त्याला वाटे. म्हणजे हाताने शिकायचे आणि डोक्याने शिकायचे, या मेंदूच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. म्हणूनच गणित नुसते वाचून येत नाही, आकृती नुसती बघून काढता येत नाही. कागद-पेन्सिल हातात घ्यावीच लागते.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक मुले तोच धडा चार-चार वेळा वाचतात. वाचलेले ओळखीचे वाटू लागते आणि 'आपल्याला येते' असा समज होतो. ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे! परीक्षेत पुस्तक समोर नसते, तिथे आठवावे लागते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 साली हेच तपासले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्केच आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 61!

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती आणि मग पाढ्यांचा परवचा, ही पद्धत घरोघरी होती. पुस्तक न बघता, रोज थोडे थोडे, मोठ्याने म्हणायचे. निमकी-पावकी आजही न अडखळता म्हणणारे ऐंशीच्या घरातले आजोबा माझ्या रुग्णांत आहेत. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते त्यांना आठवत नाही, ती गोष्ट निराळी.

तेव्हा धडा समजून एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावे आणि काय आठवते ते कोऱ्या कागदावर लिहावे. मग पुस्तक उघडून सुटलेले तेवढेच बघावे. हेच दुसऱ्या दिवशी, पुन्हा तीन-चार दिवसांनी, पुन्हा आठवड्याने करावे. दिवस थोडे मागेपुढे झाले तरी बिघडत नाही, मध्ये अंतर पडणे महत्त्वाचे. सुरुवातीला कागदावर फारसे उतरत नाही आणि मुले नाउमेद होतात. पण आठवताना जो ताण पडतो त्यानेच आठवण पक्की होते. आईला सवड असेल तर तिने स्वयंपाक करता करता प्रश्न विचारावेत. तिला तो विषय येत नसला तरी चालेल, पुस्तक तिच्या हातात असतेच. चुकले म्हणून टपली मात्र मारू नये. घाबरलेल्या मुलाला येत असलेलेही आठवत नाही.

आणि रात्री झोपू द्यावे! दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेतच करतो. दहावी-बारावीच्या वयात आठ तास झोप हवी. चहा-कॉफी पिऊन एकपर्यंत जागणारा मुलगा एका हाताने मिळवतो आणि दुसऱ्याने घालवतो. मोबाइल उशाशी तर नकोच. पडल्या पडल्या 'पाच मिनिटे' म्हणत तासभर कसा जातो ते मोठ्यांनाही ठाऊक आहे.

काही मुलांना खरोखर तपासण्याची गरज असते. फळा नीट न दिसणे, कानात मळ किंवा पू असणे, रक्त कमी असणे (वयात आलेल्या मुलींत हे फार आढळते), थायरॉईड मंद असणे, मन सतत उदास असणे, या सगळ्यांत अभ्यासात लक्ष लागत नाही. सर्दीच्या काही औषधांनीही दिवसभर गुंगी राहते. पूर्वी बरा अभ्यास करणारा मुलगा गेल्या काही महिन्यांत मागे पडला असेल, बोलता बोलता मध्येच टक लावून थांबत असेल, किंवा बुद्धी चांगली असूनही वाचताना अक्षरांची सतत उलटापालट करत असेल, तर परीक्षेपर्यंत थांबू नका. त्याला दाखवायला आणा, आणि येताना त्याची शाळेची वही सोबत असू द्या.