हाताची राहिलेली उमेदवारी

प्रश्न : माझा मुलगा 2019 ते 2021 या काळात पुण्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसाय शिकला. दाखला मिळाला, पण टाळेबंदीमुळे कार्यशाळेतील काम फार थोडे झाले. आता काय करावे? — एक पालक

उत्तर : राज्यातील पहिले कोरोना रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यातच आढळले आणि त्याच महिन्यात निघालेल्या टाळेबंदीच्या हुकमाने कार्यशाळांची दारे बंद झाली, तेव्हा ‘भारत स्किल्स’सारख्या संकेतस्थळांवरून व्यवसायाचे सिद्धान्त मोबाइलवर पोहोचले खरे, परंतु कानस पुढे रेटताना दोन्ही हातांचा भार कसा बदलत न्यावा, हे ज्ञान व्हाइसपाशी उभे राहूनच अंगी मुरते. यात आपल्या चिरंजीवांची यत्किंचितही कसूर नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

नोकरीची घाई न करता 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली भोसरी किंवा चाकण येथील कारखान्यात उमेदवारीची तजवीज करावी. तेथे विद्यावेतन मिळते आणि हातही चालतात. मात्र दरखास्त मंजूर होईपर्यंत स्वस्थ बसू नये. एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मालकाच्या अनुमतीने मऊ पोलादाचा तुकडा घेऊन, गुण्या लावून उजेडासमोर धरला असता फटीतून प्रकाश दिसेनासा होईपर्यंत तो कानशीने सपाट करावा; मग काटकोन, मग छिद्रे, मग आटे. मुलाखतीत विचारले, तर राहिलेला सराव निःसंकोच सांगावा.